पहिल्या उन्हाळ्याचा आवाज

३ ऑगस्ट, गुरुवार

सायलेन्सर पडला! तोही चर्चच्या चढावर, दफनभूमीच्या फाटकासमोर. आधी खाडकन आवाज झाला, मग काहीतरी फरफटत येतंय असं वाटलं, आणि मग गाडी अशी बोंबलायला लागली की फुलांना पाणी घालणाऱ्या दोन बायका झारी हातात धरून उभ्याच राहिल्या. उतरले. गंजून चाळण झालेलं ते धूड उचललं (हात भाजला), डिकीत टाकलं आणि नवऱ्याला, रोलंडला भेटायला आत गेले. त्याला सांगितलं, तुझ्या गाडीने आज चारचौघांत लाज आणली बघ.

ऑक्टोबरात दोन वर्षं होतील त्याला जाऊन. दोन हिवाळे गाडी कोठारात उभी. उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटला होता. जूनमध्ये मी ती बाहेर काढली, तेव्हापासून रोज काहीतरी निखळतंय. माझंही तेच आहे म्हणा, गुडघ्यापासून सुरुवात.

४ ऑगस्ट, शुक्रवार

स्तिगने गाडी ओढून नेली. स्तिग म्हणजे रोलंडचा शाळेपासूनचा दोस्त. वखारीमागे त्याचं गॅरेज आहे. निवृत्त झालो म्हणून गावभर सांगतो आणि सकाळी सातला शटर वर करतो.

गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलत राहिला. "पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण होतील हिला, मग सरकारी तपासणीच नाही. पण यंदा आहे. महिनाअखेरपर्यंत नवा घालावाच लागेल. कसला घालू? कंपनीसारखा मुका, की जरा बोलणारा?"

मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात होता तसा."

खाली पाना वाजत होता तो थांबला. "बघू," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी कार्लस्टाडहून पेत्राचा फोन. आमच्या लेकीला बातम्या कुठून कळतात देव जाणे. "आई, ती गाडी नाहीये आता. गंज आहे, त्याला चाकं लावलीत." तिने नॉर्वेचा एक माणूस गाठून ठेवलाय, त्याला जुन्या व्होल्वोंचं वेड आहे. तो एकतीस तारखेला येतोय. "तू फक्त हो म्हण."

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पण मनाशी एक ठरवलंय, ते इथे लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही. तो आवाज परत आला तर गाडी राहील. नाही आला तर नॉर्वेवाल्याला.

कारण रोलंडचा आवाज मला आठवेनासा झालाय. लिहिताना हात अडला, पण खरं आहे ते. तो काय बोलायचा ते शब्द न् शब्द आठवतं. आवाज नाही. परवा रात्री कितीतरी वेळ प्रयत्न केला, आलाच नाही. गाडीचा मात्र आठवतो. तोही गेला तर मग माझ्याकडे त्याचं काय राहिलं?

६ ऑगस्ट, रविवार

पाऊस. खिडकीशी बसून कॉफी, आणि डोक्यात तोच उन्हाळा.

सतरा वर्षांची होते. आम्ही बेकरीच्या वर दुसऱ्या मजल्यावर राहायचो. कागद गिरणीची पहिली पाळी सुटली, जेवणं झाली, की गावातली सगळी पोरं गाड्या घेऊन चौकाभोवती फेऱ्या मारायची. मोठ्या रस्त्याने वर, आमच्या बेकरीवरून वळण, चौक, परत खाली. काही काम नाही, कुठे जायचं नाही, नुसतं फिरायचं! आम्ही मुली खिडक्या उघड्या टाकून बसायचो आणि न बघता ओळखायचो. हा डॉक्टरांचा मुलगा, ह्याची गाडी खोकते. हा पोस्टातला, ह्याने सायलेन्सर काढूनच टाकलाय, मेला. पुरुषाच्या चेहऱ्याआधी त्याच्या गाडीचं फायरिंग ओळखीचं व्हायचं. आमच्या पिढीतल्या निम्म्या बायका अशाच नवऱ्यांच्या प्रेमात पडल्या, कबूल कोणी करत नाही.

पिवळ्या व्होल्वो त्या वर्षी चार होत्या गावात. पण एकच गाडी बेकरीपाशी आल्यावर हळू व्हायची. रोज सव्वासातला! गियर खाली पडायचा, गाडी घशातल्या घशात गुडगुडायची, आणि कोपऱ्यावर वेग घेताना एक बारीकशी शीळ. ती शीळ दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हती. आई म्हणायची, "आला बघ तुझा ट्रॅक्टर." मी पडद्याकडे धावायचे तोवर कोपऱ्यावर पिवळी शेपटी तेवढी दिसायची. जून, जुलै, ऑगस्ट उजाडला. गाडी रोज हळू होते, पण थांबायचं नाव नाही! अंगावर काटा यायचा माझ्या. आत्ताही आला.

शेवटी मीच धीर केला. सॉसेजच्या टपरीवर रोलंड उभा होता, पिवळ्या व्होल्वोला टेकून, हातात भाकरीत गुंडाळलेलं सॉसेज आणि बटाटा, हनुवटीला मोहरीचा सॉस लागलेला. तडक समोर गेले. म्हटलं, "रोज आमच्या खिडकीखालून जातोस, बेल वाजवायला काय होतं?"

तोंडात घास. तसाच बघत राहिला माझ्याकडे. गिळला कसाबसा. कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "आता भेटलीस ना," आणि दार उघडलं.

बस्स. त्यावर त्रेचाळीस वर्षं.

८ ऑगस्ट, मंगळवार

पहिला पाइप: कंपनीसारखा. गाडी आहे की शिवणयंत्र! नको म्हटलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरा. चकचकीत स्टीलचा, खेळाच्या गाड्यांना लावतात तसला, आत अडथळा म्हणून नाही. स्तिगने कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणला. गाडी फिरवून आलो तलावापर्यंत. जाताना मी काहीतरी बोलले, तो "काय?" म्हणाला. मी परत बोलले, तो परत "काय?" म्हणाला. ऐंशीच्या वर गेलं की सगळी गाडी भोवऱ्यासारखी घुमते आणि दातांत झिणझिण्या येतात.

"कसा वाटला?" परत आल्यावर त्याने विचारलं.

"कवळी असती तर रस्त्यात पडली असती."

हसला. खूप दिवसांनी हसताना पाहिलं त्याला. मग सायलेन्सर कापून आत काय असतं ते दाखवलं. छिद्रांची नळी, भोवती काचेची लोकर. लोकर जळत जाते तसा आवाज बदलतो. पाइप किती जाड, पेटी कुठे बसवली, मागे की मध्ये, वाकण किती, सगळ्याने फरक पडतो म्हणे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं घालवली मी. तेच पीठ, तेच लोणी, तरी प्रत्येकीच्या हातचा बन वेगळा. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याला सांगताना मजा येत होती म्हणून ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "मग त्या उन्हाळ्यातली पेटी कुठे होती? मध्ये की मागे?"

"पंचेचाळीस वर्षं झाली, इंगेला."

"तुझ्या हातून गेलेला नट तू विसरत नाहीस."

हात धुवायला गेला.

१४ ऑगस्ट, सोमवार

तपासणी उरकून घेतली. त्यासाठी गाडीला पाद्री चढवला होता.

पाद्री म्हणजे स्तिगकडचा एक जुना, जाडजूड, अत्यंत सज्जन सायलेन्सर. गावातल्या जुन्या गाड्या वर्षभर काय वाट्टेल ते लावून फिरतात, पण तपासणीच्या आदल्या दिवशी स्तिगकडे रांग लागते. पाद्री लागला की कसलीही उनाड गाडी प्रार्थनेला निघाल्यासारखी चालते. तपासणी झाली की पाद्री उतरवायचा, पुढच्या पाप्याला लावायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे चाललंय.

आजचा तपासनीस खाली वाकला, बॅटरी मारली आणि म्हणाला, "नमस्कार पाद्रीसाहेब! गुरुवारीच भेटलो होतो आपण, निळ्या फोर्डखाली." स्तिग छताकडे बघत होता. पास!

येताना मी स्तिगला म्हटलं, आठवतं का रे, मी रोलंडच्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हाही हाच होता! टपरीवरून निघालो आणि गाडीचा आवाजच नाही. मी विचारलं, "तुझा तो आवाज कुठे गेला?" बिचारा रोलंड! म्हणाला, कालच जंगलातल्या रस्त्यावर दगडावर आपटून फुटला, स्तिगने तात्पुरता हा दिलाय. मला इतकं वाईट वाटलं होतं त्याच्यासाठी. मग सप्टेंबरात स्तिगने नवा करून दिला. छान होता, पण अगदी तोच नव्हता. उन्नीस-बीस. गुडगुड होती, शीळ नव्हती. मी कधी बोलून दाखवलं नाही, रोलंडला उगाच रुखरुख नको.

हे सगळं मी सांगत होते आणि स्तिग गाडी चालवत होता. "हं," म्हणाला.

१५ ऑगस्ट, मंगळवार

रानातून पिवळी अळंबी आणली, लोण्यात परतली. एकटीसाठी फार झाली. तरी सगळी खाल्ली.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

भांडण झालं. तेही स्तिगशी!

तीन दिवस खपून त्याने तिसरा पाइप स्वतः बनवला. कापला, वाकवला, जोडला. बोटांना डाग दिल्यासारखे फोड आलेत. "रोलंडला सप्टेंबरात करून दिला होता तोच," म्हणाला. "मापं लिहून ठेवली होती." किल्ली फिरवली मात्र, माझे डोळे भरून आले. ह्याच आवाजात आम्ही लग्नाला गेलो. ह्याच आवाजात, फेब्रुवारीच्या बर्फातून, पेत्राच्या वेळी इस्पितळात. रोलंड पाळीवरून आला की हाच आवाज अंगणात वळायचा आणि मी बटाट्यांखालचा गॅस मोठा करायचे.

पण तो नव्हे. मी म्हटलं, "हा सप्टेंबरचा. मला आधीचा हवाय."

"हाच रोलंडचा आवाज आहे."

"आधीचा, स्तिग. ज्याला शीळ होती."

"अगं, हाच! रोलंडच्या गाडीचा दुसरा आवाज नाहीच!" त्याने पाना बाकावर आपटला. त्याला चढ्या आवाजात बोलताना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मग माझाही चढला. म्हटलं, त्रेचाळीस वर्षं मी नांदले त्याच्याबरोबर, तू नाही! मला शिकवू नकोस माझ्या नवऱ्याचा आवाज!

त्याचा चेहरा असा झाला की मी काहीतरी भलतंच बोलून गेले असं वाटलं. पर्स उचलली आणि चालत घरी आले. चार किलोमीटर. गुडघा सुजलाय.

१९ ऑगस्ट, शनिवार

काल भांडणाआधी फोनवर तो आवाज टिपून घेतला होता, तो सहज पेत्राला पाठवला. लगेच फोन. रडत होती! एकोणचाळीस वर्षांची बाई, इमारतीच्या जिन्यात उभी राहून. "आई, हे बाबा आले गं. हे तर बाबाच."

मी तिला म्हटलं, तुला पहिला उन्हाळा माहीत नाही.

"मला कशाला माहीत हवा?" ती म्हणाली. "मला बाबा माहीत आहेत."

हट्टी आहे. माझ्यावर गेलीय.

२१ ऑगस्ट, सोमवार

स्तिगचा फोन नाही. मी पण करणार नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

गेले. आठवडाभर कोण तोंड फुगवून बसणार, ह्या वयात? शिवाय मनाने हार मानली होती. शटरपाशी उभी राहिले आणि म्हटलं, "चुकलं माझं. जाऊ दे ते सगळं. सप्टेंबरचा काढू नकोस, तसाच राहू दे, नॉर्वेवाल्याला बरा वाटेल. मला वाटतं मी आवाज स्वप्नात ऐकलाय. म्हातारी होतेय. उद्या रोलंडचा चेहराही आठवणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून, आणि मग रडूच आलं, त्या तेलाच्या डब्यांमध्ये उभ्या उभ्या.

स्तिग बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसतच होता. मग शिडी लावून माळ्यावर चढला. वर खुडबुड, धूळ, एक शिवी. खाली आला तेव्हा खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. पोतं सोडलं तर पाइप! ग्रीस लावून ठेवलेला, गंजाचा ठिपका नाही.

"बस," म्हणाला, "तासभर लागेल."

तासाभराने किल्ली फिरवली. गाडी आधी खोकली. मग घसा साफ केला. मग गुडगुड. मी उठून उभी राहिले. स्तिगने गाडी मागे घेतली, वखारीच्या रस्त्याला लावली, कोपऱ्यावर जाऊन वेग घेतला.

शीळ! ती शीळ!

मी सतरा वर्षांची होते. शपथेवर सांगते, गुडघ्यासकट. बेकरीतला वेलचीचा वास आला, आईची हाक ऐकू आली. आणि रोलंडचा आवाज आठवला. "आता भेटलीस ना." तसाच्या तसा, घास अडकलेला!

स्तिग परत आला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडले. लाकडासारखा उभा होता बिचारा, हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं. म्हणाला, "तेल लागेल तुझ्या कोटाला."

२४ ऑगस्ट, गुरुवार

पेत्राला कळवलं: गाडी विकणार नाही. नॉर्वेवाल्याला तूच काय ते सांग. तिने उसासा टाकला, पण आतून बरं वाटलं असावं, कारण लगेच विचारलं, "मग बाबांची गाडी शनिवारी चौकात येणार का?"

परवा उन्हाळ्यातली शेवटची फेरी आहे. सगळ्या जुन्या गाड्या चौकाभोवती. रोलंड गेल्यापासून मी गेलेले नाही. आता जाणार! बेकरीच्या जागी चष्म्याचं दुकान झालंय, पण वरच्या खिडक्या त्याच आहेत. तिथे आल्यावर गियर खाली टाकणार.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

गाडी धुतली, पुसली. उंदरांच्या लेंड्यांचा शेवटचा मोती सीटमधून काढला. पोरकटपणा आहे सगळा, कळतंय मला. आज फार सुखात आहे.

२६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दालचिनीचे बन घेऊन स्तिगकडे. म्हटलं, "रोलंडचा फुटलेला पाइप दुरुस्त करून इतकी वर्षं सांभाळलास. आधीच नाही का द्यायचा, शहाण्या?"

तो बनकडे बघत म्हणाला, "फुटला नव्हता. आणि रोलंडचा नव्हता. माझ्या पिवळ्या गाडीचा आहे तो. त्याच ऑगस्टात गाडी विकली, तेव्हा काढून ठेवला."

मी हातातला बन परत डब्यात ठेवला.

"रोलंडच्या गाडीला कंपनीचाच होता. तू टपरीवर त्याला काय विचारलंस ते त्याने त्याच संध्याकाळी येऊन मला सांगितलं. सप्टेंबरात परत आला. म्हणाला, तुझ्यासारखा आवाज करून दे, नाहीतर ती जाईल."

"आणि तू करून दिलास."

"जमेल तितका."

रोलंड, अरे! त्रेचाळीस वर्षं त्या भीतीने अंगणात वळत होतास?

स्तिग उठला, गाडीपाशी गेला. माझ्याकडे पाठ करून विचारलं, "संध्याकाळी कुठला ठेवू मग?"

मी जाऊन गाडीच्या दारावर हात ठेवला. मग म्हटलं, "सप्टेंबरचा."